सोलापुरात गड्डा कोबी : लागवडीची तारीख, बोअरचं पाणी आणि चौकोनी ठिपक्याचा पतंग

सीनाथडी
दक्षिण सोलापुरात दीड एकर गड्डा कोबी करायचा आहे. रान भारी काळं, खाली चुनखडी, सामू 8.1. बोअरच्या पाण्याची ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप, डेसिसायमन प्रति मीटर) 1.7. ठिबक आहे : 16 मिमीची नळी, 40 सेंमीवर 2 लिटरचे ड्रिपर. आधी ऊस होता, खोडवा मोडून जूनपासून रान मोकळं आहे.
रोप कधी लावावं, जात कोणती घ्यावी, एकरी रोपं किती बसतात आणि हे पाणी चालेल का? कंपनीच्या घडीपत्रिका सगळ्या वाचून झाल्या, त्यात आपल्या उन्हाचा हिशोब कुठंच नाही.

वाफसा
आधी तारीख ठरवा, बाकीचं सगळं मागून. आपल्याकडं कोबी खतानं फसत नाही, तारखेनं फसतो.

गड्डा घट्ट भरायला 15 ते 20 अंश तापमान लागतं. सोलापुरात डिसेंबर-जानेवारीतसुद्धा दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो, फक्त रात्री पंधरा-सोळापर्यंत उतरतात. आपला कोबी भरतो तो या रात्रींवर. म्हणून गड्डा धरायचा काळ डिसेंबर-जानेवारीतच पडला पाहिजे. लवकर येणारी जात लागणीपासून साधारण 35-40 दिवसांनी पानं आत वळवायला लागते आणि 60-65 दिवसांत काढणीला येते. मागं मोजत या : हस्त नक्षत्र निघून गेलं की, म्हणजे 10 ऑक्टोबरनंतर, लागण सुरू करायची आणि नोव्हेंबरअखेर संपवायची. बी सप्टेंबरच्या मध्यापासून ट्रेमध्ये.

ऑक्टोबरच्या आधी घाई केली तर परतीचा पाऊस काळ्या रानात रोपाच्या बुडाशी पाणी धरून ठेवतो आणि वाफसा (रानात काम करता येईल इतकाच ओलावा) आठ-आठ दिवस येत नाही. 15 डिसेंबरनंतर लावलं तर भरणी फेब्रुवारीत जाते. तेव्हा दुपार 34-35 वर गेलेली असते. गड्डा पोकळ राहतो, पानं सैल बसतात, आणि मावा व पतंग दोन्ही ऐन भरात असतात. ते नुकसान खतानं भरून निघत नाही.

जात : गोल्डन एकर ही जुनी, लवकर येणारी सरळ जात. गड्डा लहान, गोल, एक-दीड किलोचा. थंडी चांगली असेल तर आजही उत्तम, पण आपल्या तिशीतल्या दुपारी ती नखरे करते. पुसा मुक्ता घाण्या रोगाला (शिरा काळ्या पाडणारा, बियाण्यातून येणारा रोग) बऱ्यापैकी टिकते. व्यापारी लागवडीला 60-65 दिवसांचा, उष्णता सोसणारा संकरित वाण घ्या. पाकिटावर हंगाम छापलेला असतो, तो वाचा. दुकानदाराकडं नुसतं 'चांगलं बियाणं द्या' म्हणू नका, 'रब्बीचं, लवकर येणारं, गोल गड्ड्याचं' असं म्हणा. 85-90 दिवसांचे मोठ्या चपट्या गड्ड्याचे वाण आपल्या आखूड हिवाळ्यात बसत नाहीत.

अक्कलकोटकर
तारखेबद्दल थोडं वेगळं मत. खरिपात, जून-जुलैच्या लागणीतही कोबी येतो. जुलै-ऑगस्टला ढगाळ हवा असते, दुपार 31-32 च्या वर फारशी जात नाही. उष्णता सोसणारे संकरित वाण त्यात गड्डा धरतात आणि बाजारात तेव्हा माल कमी असतो.

वाफसा
धरतात, मान्य. पण माळाच्या निचऱ्याच्या रानात. सीनाथडींचं रान भारी काळं आहे. पावसाळ्यात पान सतत ओलं राहिलं की घाण्या रोग हटत नाही. मुरमाड रान असेल त्यानं खरीप करावा.

कोकोपीट
रोपांचा हिशोब देतो, पुष्कळांचा इथंच घोळ होतो.

कोबीचं बी एका ग्रॅममध्ये साधारण 300 दाणे. साडेचार फुटावर गादीवाफे, प्रत्येकावर नागमोडी दोन ओळी, ओळीत सव्वा फुटावर रोप : एकरी साधारण 15,500 रोपं बसतात. नांग्या भरायला (मेलेल्या रोपांच्या जागी लावायला) 8 टक्के जादा धरा, उगवण 85-90 टक्के धरा. म्हणजे एकरी 19,000 दाणे, 63-65 ग्रॅम बी. दहा ग्रॅमची सात पाकिटं. दीड एकराला दहा.

98 कप्प्यांचे ट्रे एकरी 195 लागतात. एका ट्रेला साधारण सव्वा किलो कोकोपीट. कोकोपीट धुतलेलं आणि कुजवलेलंच घ्या. कच्च्यात मीठ असतं आणि तुमच्या पाण्यातही आहे, दोन्ही मिळून रोप उगवतानाच कड जळते. भिजवताना मूठ दाबली की बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. दाणा अर्धा सेंमी खोल, वर कोकोपीटचा पातळ थर.

पेरलेले ट्रे एकावर एक रचून काळ्या कागदात गुंडाळतात. इथं लक्ष ठेवा. मिरचीच्या सवयीनं पाच-सहा दिवस झाकून ठेवतात, कोबी तेवढं थांबत नाही. 48 तासांनी मधला ट्रे काढून बघा. पांढरा कोंब वर आलेला दिसला की लगेच पसरा. एक रात्र उशीर झाला तर मान लांब होते, आणि लांब मानेचं रोप गादीवर आडवं पडतंच.

रोपांवर 40 किंवा 50 मेशची जाळी, चहूबाजूंनी मातीत गाडलेली. पतंग रोपवाटिकेतच अंडी घालून जातो आणि आपण स्वतःच्या हातानं ती रानात नेऊन लावतो. सातव्या-आठव्या दिवशी ट्रायकोडर्मा 5 ग्रॅम लिटरला आळवणी, रोप कोलमडण्यावर. पाणी सकाळीच, संध्याकाळी कधीच नाही. 22-25 दिवसांत चार-पाच पानं होतात. शेवटचे चार दिवस पाणी निम्म्यावर आणा, म्हणजे रोप कणखर होतं. तीस दिवसांच्या पुढचं रोप घेऊ नका, कुणी फुकट दिलं तरी. मुळं कप्प्यात गोल फिरलेली असतात आणि अशा रोपाचा गड्डा बारका राहतो.

चोपण
पाण्यावर माझ्याकडून.

कोबी खाऱ्या पाण्याला मध्यम नाजूक. सिंचनाच्या पाण्याची ईसी 1.2 पर्यंत पूर्ण उत्पन्न, 1.9 ला साधारण 10 टक्के घट, 2.9 ला चौथा हिस्सा जातो. तुमचं 1.7 म्हणजे सहा-सात टक्के सोडून द्यायची तयारी ठेवा. चालेल, पण तीन गोष्टी पाळाव्या लागतील.

एक, पाणी रोज. दोन-तीन दिवसांआड भरपूर दिलं की मधल्या काळात माती सुकते आणि मुळाभोवतीचं द्रावण दुप्पट खारट होतं. तुमच्या मांडणीत एकरी साधारण 2,950 मीटर नळी, 7,375 ड्रिपर, ताशी 14,750 लिटर. पहिला पंधरवडा 20-25 मिनिटं रोज. पानांनी गादी झाकली की आपल्याकडच्या हिवाळ्यात दिवसाला 4 मिमी धरा, म्हणजे एकरी 16,000 लिटर, एक तास पाच मिनिटं. भारी काळ्या रानात हे आकडे डोळे झाकून पाळू नका. दोन ड्रिपरच्या मध्ये वीतभर खोल माती काढून मुठीत दाबा. लाडू वळला आणि हाताला चिखल लागला नाही तर बरोबर. हात माखला तर दहा मिनिटं कमी करा.

दोन, क्षार ओलाव्याच्या कडेला साचतात. गादीच्या काठावर पांढरी रेघ दिसते ती हीच. अवेळी हलकी सर आली की ती रेघ विरघळून सरळ मुळांत उतरते आणि दुसऱ्या दिवशी रोपं मलूल. म्हणून पाऊस लागला की ठिबक बंद करायचं नाही, उलट सर चालू असतानाच तासभर चालवायचं. लोक नेमकं उलटं करतात.

तीन, पोटॅश देताना म्युरेट टाळा. त्यातलं क्लोराइड तुमच्या पाण्यात आधीच भरपूर असणार. सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, महाग पडलं तरी.

जिप्समबद्दल कुणी सांगेल. सामू 8.1 हा चुनखडीचा आहे, चोपणाचा (सोडियम साचलेल्या रानाचा) नाही. जिप्सम सोडियम हटवायला असतं. सामू साडेआठच्या वर गेला आणि पावसानंतर रान डांबरासारखं चिकट होऊन वर पाणी तुंबत असेल तरच सोडियमची तपासणी करून विचार करा.

सीनाथडी
पाऊस चालू असताना ठिबक चालू ठेवायचं, हे पहिल्यांदाच ऐकलं. कॅनॉलचं पाणी पाळीनं मिळतं, ते मिसळू का?

चोपण
जरूर. शेततळं असेल तर त्यात निम्मं-निम्मं मिसळा, ईसी बरीच खाली येईल. तळं नसेल तर पहिले तीन आठवडे कॅनॉलचं पाणी राखून द्या. लहान रोप जास्त नाजूक असतं, मोठं झाल्यावर बोअर. कॅनॉलच्या पाण्याला वाळूची गाळणी लावल्याशिवाय ठिबकात सोडू नका, आणि बोअरच्या चुन्यानं ड्रिपर बसत असतील तर हंगामाआधी आम्लाची प्रक्रिया करून घ्या. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही.

वाफसा
सगळ्यांच्या नजरेतून एक सुटलं : आधी ऊस होता. उसात तणनाशक कोणतं मारलं होतं? अट्राझीन किंवा मेट्रिब्युझीन असेल तर थांबा. अट्राझीन चुनखडीच्या, जास्त सामूच्या मातीत लवकर मोडत नाही आणि कोबी-मोहरीची जात त्याला फार नाजूक. सोयाबीन-तुरीतल्या इमॅझेथापायरलाही ती नाजूकच.

तपासणी घरच्या घरी होते. रानाच्या पाच-सहा ठिकाणची वरची चार बोटं माती गोळा करून एका कुंडीत भरा. दुसऱ्या कुंडीत बांधावरची, जिथं कधी फवारा गेला नाही अशी. दोन्हींत मोहरी पेरा. उगवण दोन्हीकडं सारखीच होईल, त्यावर जाऊ नका. दोन-तीन पानांवर आल्यावर रानातल्या कुंडीत पानाची कड पिवळी पडून आतपर्यंत करपत आली तर अंश शिल्लक आहे. 20 दिवस लागतात. बी ट्रेमध्ये टाकायच्या आधी हे करून घ्या.

सीनाथडी
अट्राझीन होतं, मागच्या वर्षी बांधणीआधी. कुंड्या आजच भरतो.

वाफसा
हिरव्या निघाल्या तर पुढचं.

एकरी चार ट्रॉली कुजलेलं शेणखत, 200 किलो निंबोळी पेंड. कोबीची शिफारस हेक्टरी 160:80:80, एकरी 64 किलो नत्र, 32 स्फुरद, 32 पालाश. स्फुरद सगळं गादीतच : सिंगल सुपर फॉस्फेटची चार पोती. त्यातलं गंधक आपल्या रानाला वेगळं कामाला येतं. सल्फेट ऑफ पोटॅश 32 किलो गादीत, 32 किलो पुढं ठिबकातून. अमोनियम सल्फेट 75 किलो गादीत, त्यातून 15 किलो नत्र गेलं. झिंक सल्फेट 10 किलो शेणखतात मिसळून द्या, सुपर फॉस्फेटमध्ये कालवू नका, दोन्ही एकमेकांत अडकून बसतात.

उरलं 48-49 किलो नत्र. लागणीनंतर दुसऱ्या आठवड्यापासून सहा आठवडे, आठवड्याला 17-18 किलो युरिया, दोन हप्त्यांत. चौथ्या आठवड्यापासून चार वेळा 8-8 किलो पाण्यात विरघळणारं सल्फेट ऑफ पोटॅश. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं असेल तर त्या दिवशी टाकीत दुसरं काहीही नको. सल्फेट किंवा फॉस्फेटबरोबर पडलं की टाकीतच पांढरा साका होतो आणि ड्रिपर जातात.

गड्डा नारळाएवढा झाला की नत्र बंद. इथं हात आखडत नाही म्हणून अर्ध्या लोकांचे गड्डे फुटतात.

अक्कलकोटकर
बोरॉन राहिलं.

वाफसा
राहिलं खरं. चुनखडीच्या रानात बोरॉन मातीत असूनही पिकाला मिळत नाही. देठ उभा चिरला की मध्ये तपकिरी पोकळी दिसते, गड्डा वरून ठणठणीत. गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळतं. बोरॅक्स 4 किलो एकरी गादीत, शिवाय 20 टक्के बोरॉन 1 ग्रॅम लिटरला 30 आणि 45 दिवसांनी फवारणी. जास्त करू नका, बोरॉनचं 'पुरेसं' आणि 'विषारी' यातलं अंतर फार थोडं आहे. सगळीच पोकळी बोरॉनची नसते. नत्र जास्त आणि अंतर मोठं असेल तर झाड भरभर वाढून देठ पोकळ होतो, तेव्हा आत तपकिरी डाग नसतो.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी. आपल्या सामूला इडीटीएवालं चिलेट मातीत दिलं तर वाया जातं, इडीडीएचएवालं घ्या.

रानवाट
आतल्या पानांच्या कडा जळतात तेव्हा दुकानदार कॅल्शियम देतो. चुनखडीच्या रानात कॅल्शियम कमी कसं पडेल?

चोपण
पडत नाही. मातीत ढीगभर असतं, पोचत नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर वर जातं आणि ज्या पानातून पाणी उडतं तिथं जाऊन बसतं. गड्ड्याच्या आतल्या पानातून पाणी उडतच नाही. त्यातून आज कोरडं, उद्या तुडुंब असं पाणी दिलं, वर युरिया ओतला, की आतली कड जळाली. बंद गड्ड्यावर बाहेरून मारलेलं कॅल्शियम आत जात नाही. पाणी सारखं ठेवा, एवढंच औषध.

मित्रकीटक
आता खरा शत्रू. चौकोनी ठिपक्याचा पतंग, बाजारात डीबीएम म्हणतात तो. डीडीटीला दाद न देणारी पिकावरची पहिली कीड म्हणून याचं नाव, जावामध्ये 1950 च्या दशकातली गोष्ट. पुढं शेतातल्या वापरात बीटी या अळ्या मारणाऱ्या जिवाणूलाही हाच पहिला सरावला. त्यामुळं 'भारीतलं औषध द्या' या वाक्यानं याच्याशी लढाई होत नाही.

ओळख : पान उलटा. शिरेजवळ पोपटी, दोन्ही टोकांना निमुळती, जेमतेम सेंटिमीटरभर अळी. काडीनं हलवली की जोरात वळवळत मागं सरकते आणि रेशमाच्या धाग्यावर लोंबकळते. इतर अळ्या असं करत नाहीत. ती खालचा थर खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, पानाला पातळ काचेच्या खिडक्या दिसतात. कोष पांढऱ्या विरळ जाळीत. त्याच्या शेजारी तांदळाच्या कणीएवढी घट्ट पांढरी कोषिका दिसली तर ती कोटेशिया नावाच्या बारक्या गांधीलमाशीची, अळीला आतून खाणारी. ती दिसत असतील तर पंप खाली ठेवा.

पाहणी : आठवड्यातून दोनदा, रानात तिरकं चालत 20 रोपं, पानांच्या खालून. सरासरी रोपामागं दोन अळ्या झाल्या की फवारणी, त्याआधी नाही. पहिले चार आठवडे हा आकडा गंभीरपणे घ्या, कारण तेव्हा शेंडा खाल्ला तर गड्डाच नाही. एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे), पिकाच्या उंचीच्या जरा वर. हे पतंग संपवत नाहीत, सुरुवात कधी झाली ते कळवतात.

फवारणीचा क्रम :
अळ्या बारीक असताना 5 टक्के निंबोळी अर्क. 5 किलो निंबोळ्यांचं कूट रात्रभर 10 लिटर पाण्यात, सकाळी फडक्यातून गाळून 100 लिटर करा, 200 ग्रॅम साबण. त्यानंतर आठवड्यानं बीटी जिवाणू 2 ग्रॅम लिटरला, ऊन उतरल्यावर, कारण उन्हानं तो मरतो. बोअरच्या पाण्याचा सामू आठाच्या आसपास असेल तर तो दोन्हींना मारक आहे. सायट्रिक आम्लानं पाणी साडेसहापर्यंत आणा, कागदी पट्टीनं तपासा.

त्यानंतरही आकडा दोनच्या वर राहिला तरच रसायन. क्लोरँट्रानिलिप्रोल 18.5 टक्के एकरी 20 मिली, किंवा इमामेक्टिन बेन्झोएट 5 टक्के एकरी 60-80 ग्रॅम, एकरी 200 लिटर पाणी. दोन्हींचा प्रतीक्षा काळ लेबलवर आहे, तो संपल्याशिवाय काढणी नाही. एका गटाचं (एकाच पद्धतीनं कीड मारणारं) औषध तीन आठवड्यांच्या आत वापरून संपवायचं, पुढच्या तीन आठवड्यांत तो गट पुन्हा नाही. आपल्याकडं हिवाळ्यात या पतंगाची एक पिढी साधारण तीन आठवड्यांची, फेब्रुवारीनंतर त्याहून कमी. आई-बाप आणि लेकरं दोघांना एकच औषध पाजलं की उरतात ते पक्के. नावं वेगळी असून गट एकच, असा प्रकार दुकानात सर्रास असतो. डबीवरचं व्यापारी नाव सोडा, खालचं तांत्रिक नाव वाचा.

पायरेथ्रॉइड मारू नका. स्वस्त आहे, पहिल्या दिवशी रान स्वच्छ दिसतं, आणि पंधरा दिवसांनी मावा पसरतो, कारण कोटेशिया आणि मावा खाणारे ढालकिडे दोन्ही गेले.

आणि फवारणीची नळी. कोबीचं पान मेणचट, थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो. चिकटद्रव्य लागतंच. पोकळ शंकूचा नोझल, दांडी खाली घालून वर तोंड. वरून शॉवर दिला तर औषध गादीवर पडतं आणि अळी पानाखाली निवांत.

अक्कलकोटकर
मोहरीचा सापळा? 25 ओळींना मोहरीच्या दोन ओळी, एक लागणीच्या 15 दिवस आधी, दुसरी लागणीनंतर 25 दिवसांनी.

मित्रकीटक
शिफारस तीच आहे. पण माझं मत जरा राखून. मोहरीवर मावा आणि पानं गुंडाळणारी अळी छान गोळा होते, पतंग मात्र मोहरीवर घालतो तशी कोबीवरही अंडी घालतोच. आणि मोहरी वेळेवर फवारली नाही, वाळायला लागली तरी उभी ठेवली, तर ती सापळा न राहता पाळणाघर होते. दर आठवड्याला मोहरीकडं बघायला माणूस असेल तरच लावा.

रानवाट
एकाच रोपाला चार-पाच बारके गड्डे येतात, काही रोपं नुसती पानं. बियाणं खराब समजायचं का?

मित्रकीटक
आधी शेंडा बघा. लागणीनंतर दोन-तीन आठवड्यांत गड्डा पोखरणारी अळी कोंबात शिरते, मधला डोळा खाते, तोंडाशी जाळं आणि विष्ठा सोडते. डोळा गेला की बगलेतून फुटवे येतात, त्याचे हे चार-पाच गड्डे. ट्रेमध्ये शेंडा दुखावला तरी तेच. सगळ्या रानात सरसकट नुसतीच पानं असतील तर उष्णता किंवा जुनं रोप. बियाण्याचा नंबर शेवटी.

वाफसा
रोगांचं थोडक्यात. घाण्या रोग : पानाच्या कडेपासून आत इंग्रजी व्हीसारखा पिवळा पट्टा, त्यातल्या शिरा काळ्या. देठ आडवा कापला की काळं कडं. बियाण्यातून येतो. घरचं किंवा सुटं बी असेल तर 50 अंशाच्या पाण्यात 25 मिनिटं, थर्मामीटर लावून. अंदाजानं केलं तर बी शिजतं. उभ्या पिकात कॉपर ऑक्सिक्लोराइड 25 ग्रॅम 10 लिटरला, तेही फक्त पसरणं हळू करतं. दव असताना रानात माणसं घालू नका, ओल्या पानावरून हात आणि लुगड्याच्या काठानं तो ओळभर जातो. गोल वलयांचे डाग असतील तर तो करपा, त्याला मॅन्कोझेब 25 ग्रॅम 10 लिटरला. मुळाला गाठी येणारा रोग आम्लट रानाचा, तुमच्या 8.1 ला त्याची भीती नाही. चुनखडीचा हा एक तरी फायदा.

आडतकट्टा
काढणी आणि बाजार. गड्ड्याच्या डोक्यावर अंगठा दाबा, दबला नाही तर तयार. वरचं पान चकाकायला लागतं आणि कडेनं किंचित मागं वळतं. तयार गड्डा रानात राहिला आणि पाणी चालू राहिलं की तडकतोच. शेवटच्या आठवड्यात पाणी निम्म्यावर आणा, बंद करू नका. बंद करून आठ दिवसांनी एकदम सोडलं तर एका रात्रीत ओळीच्या ओळी फुटतात. भाव नाही म्हणून चार दिवस थांबायचं असेल तर गड्डा दोन्ही हातांनी धरून थोडा पिळा, काही मुळं तुटतात, फुटायचं लांबतं. दीड एकरावर हे परवडत नाही, चार-दोन ओळींना ठीक.

कापताना बाहेरची तीन-चार पानं ठेवा, ती गोणीत गादीचं काम करतात. दुपारी कापू नका, संध्याकाळी कापून रात्रभर सावलीत पसरा आणि पहाटे मार्केट यार्डात. ओला माल गोणीत कोंबला तर सकाळपर्यंत वास येतो. आकारानं वेगळा करा. हॉटेल आणि चायनीज गाडीवाल्याला दीड किलोच्या वरचा, घट्ट, किसायला सोपा माल लागतो. भाजीवाल्याला किलोच्या आतला, कारण गिऱ्हाईक अख्खा गड्डा मागतं. मिसळून नेलं की आडत्या सगळ्याचा लिलाव बारक्याच्या भावानं लावतो.

दीड एकर एकाच दिवशी लावू नका. बारा-पंधरा दिवसांच्या अंतरानं अर्धा-अर्धा एकर. कोबीचा भाव आठवड्यात निम्मा होतो आणि त्यावर कुणाचा इलाज नाही. एकदम 20 टन माल घेऊन उभे राहिलात तर आडत्या सांगेल तो भाव. तिन्ही टप्पे नोव्हेंबरअखेरच्या आत बसतात.

मित्रकीटक
टप्प्याला हरकत नाही, पण एक अट. जुन्या टप्प्याच्या ज्या बाजूनं वारा येतो त्या बाजूला नवा टप्पा लावा, उलटा नको. नाहीतर पहिल्या अर्ध्या एकरातले पतंग वाऱ्याबरोबर सरळ कोवळ्या रोपांवर.

सीनाथडी
ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याकडं वारा ईशान्य-पूर्वेकडून. म्हणजे पहिला टप्पा पश्चिमेला, शेवटचा पूर्वेला?

मित्रकीटक
बरोबर. आणि पहिला टप्पा कापून झाला की खुंट उभे ठेवू नका. जनावरांना पाला हवा म्हणून लोक महिनाभर ठेवतात. खुंटाला फुटवे येतात आणि पतंगाची पुढची पिढी तिथंच वाढून शेजारच्या टप्प्यात जाते. पाला दोन दिवसांत काढून न्या, नळ्या गुंडाळा, रोटाव्हेटर घाला. फवारणीचा प्रतीक्षा काळ जनावरांच्या पाल्यालाही धरा.

रानवाट
त्या रानात पुढं काय घ्यावं?

वाफसा
दोन-तीन वर्षं फुलकोबी, मुळा, मोहरी यातलं काही नाही. पाणी असेल तर उन्हाळी भुईमूग, नसेल तर रान तापू द्या आणि पुढच्या रब्बीला मालदांडी ज्वारी. सीनाथडी, कुंड्यांचं काय झालं ते कळवा, त्याशिवाय बियाण्याचं पाकीट फोडू नका.